दोन पापुद्रे आणि मधलं पोळं

पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाचं पॅडल, म्हणजे त्याची बॅट, दांड्याला सैल धरा आणि बोटाच्या पेराने त्याच्या पृष्ठभागावर टकटक करत फिरा. चांगल्या पॅडलचा आवाज मधल्या भागात सगळीकडे साधारण सारखाच येतो, कोरडा आणि स्पष्ट. एखाद्याच जागी तो दबका किंवा पोकळ वाटला, तर तिथे आतमध्ये काहीतरी सुटलेलं असण्याची शक्यता आहे. विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ नाण्याने ठोकून हेच करतात. पॅडलला विमानाची चाचणी लागू पडते, कारण पॅडलचा जन्मच तिथला आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर 1965 साली हा खेळ सुरू झाला. पहिल्यांदा टेबल टेनिसच्या बॅटी वापरल्या गेल्या, मग प्लायवूड कापून पॅडलं बनवली गेली. 1984 मध्ये बोईंगमध्ये काम करणाऱ्या आर्लन पॅरांटो या अभियंत्याने विमानाच्या तळफळ्यांसाठी वापरतात तसलं, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं हलकं पॅनेल घेतलं आणि त्याची पॅडलं बनवली. आजची बहुतेक पॅडलं त्याच घराण्यातली आहेत.

पॅडल दिसतं एकसंध, पण ती फळी नव्हे. मधोमध साधारण 13 ते 16 मिलिमीटर जाडीचा, षटकोनी घरांचा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन किंवा काचतंतूंचे, इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट राळेत बसवलेले पातळ पापुद्रे. चेंडू आदळला की पॅडल किंचित वाकतं. तेव्हा एका बाजूचा पापुद्रा दाबला जातो, दुसऱ्या बाजूचा ताणला जातो आणि गाभा त्या दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. हे अंतर हीच सगळी ताकद. पण पापुद्र्याकडून गाभ्याकडे जाणारं बळ जातं ते फक्त चिकटवलेल्या थरातून. म्हणून पॅडलची काळजी घेणं म्हणजे माझ्या मते आधी त्या न दिसणाऱ्या थराची काळजी घेणं. पृष्ठभागावरचे ओरखडे नंतरचे.

पॉलिप्रॉपिलीनला काही चिकटवणं मुळातच अवघड असतं. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते, की गोंद त्यावर नीट पसरतच नाही. त्यामुळे अशा जाळीच्या दोन्ही तोंडांवर बरेचदा आधीच एक विरळ कापडासारखा थर वितळवून बसवलेला असतो. इपॉक्सी त्या कापडाच्या धाग्यांत शिरते आणि तिथे पकड घेते. पकड चांगली असते, पण उष्णता तिच्या मुळावर येते.

इपॉक्सी गरम होत गेली की एका ठरावीक तापमानाच्या आसपास तिचा काचेसारखा कडकपणा जातो आणि ती रबरासारखी मऊ पडू लागते. खोलीच्याच तापमानाला घट्ट झालेल्या इपॉक्सीत हे बहुधा 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं, तर उष्णता देऊन घट्ट केलेल्या प्रकारांत बरंच वर. आपल्या हातातल्या पॅडलमध्ये कोणती इपॉक्सी आहे हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. आता उन्हात बंद करून ठेवलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. ॲरिझोनात झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असताना तासाभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी 47 अंशांपर्यंत, आसनं 51 अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड 69 अंशांपर्यंत तापला होता. पॅडल खेळाच्या बॅगेत राहिलं आणि बॅग गाडीत राहिली, तर ते रोज याच भट्टीतून जात असतं.

शिवाय तापल्यावर दोन्ही पदार्थ सारखे फुगत नाहीत. कार्बनचा तंतू तापल्यावर लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, उलट नगण्यसा आखडतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र चांगलंच प्रसरण पावतं. मोकळी ठेवलेली 40 सेंटिमीटरची पट्टी 40 अंशांनी तापवली, तर ती दीड मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त लांबते. पॅडलमधली जाळी लवचीक असल्यामुळे यातला बराच ताण ती स्वतः पोटात घेते, पण उरलेला ताण चिकटवलेल्या थरावरच येतो. दिवसा तापणं, रात्री निवणं असं महिनोन्‌महिने चाललं, की कुठेतरी एक कडा सुटते. मग सुटलेला पापुद्रा ताणलेल्या चामड्यासारखा वागतो आणि चेंडू अनपेक्षित वेगाने उसळतो. हा जादा वेग काहींना आवडतो, हे मी पाहिलं आहे. पण अशा पॅडलने स्पर्धेत खेळणं नियमबाह्य ठरतं आणि तसंही चेंडू कुठे जाईल याचा भरवसा संपलेला असतो.

थंडीचा त्रास वेगळा. पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली ठिसूळ होऊ लागतं. त्यामुळे गारठ्यात ठेवलेलं पॅडल बाहेर काढून लगेच जोराचे फटके मारू नयेत. अर्धा तास घरातल्या हवेत राहू द्यावं.

पाण्याने पॉलिप्रॉपिलीनचं काही बिघडत नाही, ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. पण जुन्या पद्धतीच्या, अरॅमिड नावाच्या कृत्रिम तंतूंच्या कागदापासून बनवलेल्या गाभ्याचं तसं नाही, तो ओलावा धरतो. कोणत्याही पॅडलमध्ये कडेच्या पट्टीतून किंवा दांड्यातून आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. म्हणून पॅडल नळाखाली धुवू नये, ओलसर मऊ कापडाने पुसावं. ॲसिटोनसारखी द्रावणं तर लांबच ठेवा.

घामाचा खरा परिणाम दिसतो तो ग्रिपवर. पॉलियुरेथेनचा वरचा थर घाम आणि दमटपणाने हळूहळू विघटित होऊन चिकट होतो आणि त्यावर वासाचे जीवाणू वाढतात. खेळ संपल्यावर पॅडल कव्हरमध्ये लगेच कोंबण्यापेक्षा तासभर वाऱ्यावर सुकू द्यावं आणि मगच आत ठेवावं. सुकवताना उन्हात मात्र नको, कारण अतिनील किरणांनी उघडी इपॉक्सी पिवळी पडते आणि भुकटते. ठेवतानाही पॅडल दांड्याने टांगावं किंवा उभं करावं, त्यावर बुटांचं आणि बाटल्यांचं वजन टाकू नये. प्लास्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू आकार बदलतं, आणि गरम असेल तर लवकर.

आता पृष्ठभाग. कार्बनच्या पॅडलवर जो खरखरीतपणा असतो, तो बनवताना इपॉक्सीवर दाबून नंतर सोलून काढलेल्या विणलेल्या कापडाचा ठसा असतो. नियमांनुसार या खडबडीतपणाची सरासरी खोली 30 मायक्रोमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. चेंडू या शिखरांवर घासला की त्याच्या प्लास्टिकचा चुरा खाचांत साचतो आणि फिरकी घटते. त्यासाठी मिळणारा खोडरबरासारखा रबरी ठोकळा पॅडलवर हलक्या हाताने फिरवला, की तो साचलेलं प्लास्टिक ओढून बाहेर काढतो. सॅंडपेपर वापरू नका. तो इपॉक्सी खरवडतो, तंतू उघडे पाडतो, आणि मुद्दाम पृष्ठभाग बदलणं नियमांतही बसत नाही. रबराने घासून, कोरड्या कापडाने पुसूनही बोट गुळगुळीत घसरत असेल, तर खाचा भरलेल्या नाहीत, शिखरंच झिजली आहेत. त्यावर उपाय नाही. त्या पॅडलने खेळता येतं, फक्त चेंडू पहिल्यासारखा फिरणार नाही.