बायबलमधली पुस्तकं निकियाच्या सभेत मतदानाने ठरली का?

"३२५ साली निकियाच्या सभेत बिशपांनी मतदान करून बायबलची पुस्तकं निवडली आणि बाकीची जाळली" हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. ख्रिस्ती बिशपांची ही सभा (निकिया आजच्या तुर्कस्तानात) खरंच झालेली, त्यामुळे पटकन पटतं. पण तिथला मुख्य वाद एरियस नावाच्या पाद्रीच्या शिकवणीचा, म्हणजे येशू देवाने निर्माण केलेला की पित्याइतकाच देव, शिवाय ईस्टर कधी पाळायचा वगैरे. सभेचे २० नियम आजही नेटवर फुकट मिळतात, छोटेच आहेत, वाचून बघा, पुस्तकांच्या यादीबद्दल त्यात एक ओळ नाही.

मग यादी कुठली? अलेक्झांड्रियाचा अथनासियस त्या सभेला होता, पण तेव्हा नुसता डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा चर्चसेवक. ३२८ मध्ये बिशप झाला, नंतर ५ वेळा हद्दपार झाला (डोकं शांत ठेवून गप्प बसणाऱ्यातला नव्हताच), आणि ३६७ साली ईस्टरनिमित्त चर्चेसना पाठवलेल्या पत्रात त्याने नव्या कराराची (बायबलचा येशूनंतरचा भाग) आजचीच २७ पुस्तकं लिहून दिली. सभेनंतर तब्बल ४२ वर्षांनी! तिथे ठरलं असतं तर त्याने सभेचा हवाला दिला नसता का? आणि गंमत म्हणजे जुन्या करारात (येशूच्या आधीचा भाग) त्याने एस्तेरचं पुस्तक धरलंच नाही, ते नवशिक्यांनी वाचायच्या पुस्तकांत टाकलंय. म्हणजे तेव्हाही सगळं पक्कं नव्हतं, यादी हळूहळू चर्चमधल्या वापरातून ठरत गेली.

निवडीची गोष्ट बऱ्याच नंतरच्या एका ग्रीक ग्रंथातली, त्यात तर मतदानही नाही, प्रार्थना केल्यावर खरी पुस्तकं आपोआप वर आली असं आहे. आणि जाळायचं म्हणाल तर सम्राट कॉन्स्टंटाइनचा तसा हुकूम होता खरा, पण तो एरियसच्या लिखाणाबद्दल.