मोठ्या वयातला पोलिओ: ओळख पटण्यामागचा इतिहास

कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीसाठी गेलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांना १० ऑगस्ट १९२१ च्या संध्याकाळी थकवा वाटून हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी ताप होता आणि पाय साथ देईना. पुढच्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पायांतले बळ गेले, स्नायूंना स्पर्शही सोसवेना आणि लघवी अडली. आधी हे साधे सर्दी-पडसे मानले गेले. मग एका नामांकित शल्यविशारदांनी मज्जारज्जूत रक्ताची गुठळी झाली असावी असे सांगून पायांना मालिश करवले, ज्याने वेदना वाढल्या. पोलिओचे निदान झाले ते २५ ऑगस्टला, बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट यांनी तपासल्यावर. रुग्णाचे वय ३९ होते, आणि माझ्या मते विलंबाचे मोठे कारण तेच होते.

तोवरचे वैद्यकज्ञान मुख्यतः लहान मुलांना पाहून जमले होते. मायकेल अंडरवूड यांनी १७८९ मध्ये आणि याकोब हाइने यांनी १८४० मध्ये वर्णन केले ते मुलांच्या लुळ्या पडणाऱ्या पायांचे. स्वीडनमधील १९०५ च्या साथीत ईव्हार विकमन यांनी गावोगावच्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा नुसता ताप येऊन बरे झालेले लोकही हा आजार पसरवतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९०८ मध्ये लँडस्टायनर आणि पॉपर यांनी कारण विषाणू असल्याचे दाखवले. पूर्वी बहुतेकांना हा संसर्ग तान्हेपणीच, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती टिकून असताना होऊन जाई. स्वच्छता सुधारली तसा तो उशिरा गाठू लागला आणि १९५० च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण पंधरा वर्षांवरचे होते.

संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना काहीच होत नाही, आणि बऱ्याच जणांना ताप, घसादुखी, डोकेदुखी, मळमळ एवढाच त्रास होतो. मोजक्यांची मान व पाठ ताठते, स्नायू दुखू लागतात, आणि त्यांतल्या काहींना त्यानंतर लुळेपणा येतो. त्याची खूण ठरलेली आहे: एक बाजू दुसरीपेक्षा जास्त अशक्त, स्नायू सैल, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, मात्र स्पर्श कळतो, आणि ताप उतरला की लुळेपणा वाढायचा थांबतो. शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवर उलटते त्या गियाँ-बारे आजारात (वर्णन १९१६) अशक्तपणा बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो, पायांकडून वर चढतो, मुंग्या येतात आणि ताप सहसा नसतो. रूझवेल्ट यांना पोलिओ नव्हे, गियाँ-बारे आजार झाला असावा, असे मत २००३ मध्ये काही संशोधकांनी मांडले. एवढी ही सीमारेषा कठीण आहे. लुळेपणा आलेल्या मुलांपैकी २ ते ५ टक्के दगावतात, प्रौढांपैकी १५ ते ३० टक्के, कारण मोठेपणी श्वासाचे व गिळण्याचे स्नायू अधिक वेळा आजाराच्या तडाख्यात सापडतात.

१९५५ मध्ये पोलिओवरची साल्क लस आली आणि दोन-तीन दशकांत अनेक देशांतील तरुण डॉक्टरांना पोलिओचा रुग्ण पाहायलाच मिळेनासा झाला. २०१० मध्ये काँगो प्रजासत्ताकातील प्वाँत-न्वार शहरात साथ आली तेव्हा बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांवरचे निघाले आणि ४० टक्क्यांहून अधिक दगावले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला ताप, मान ताठणे, पोटाच्या तक्रारी आणि मग पायांत लुळेपणा आला. शौचाच्या तपासणीत लशीपासून उद्भवलेला (तोंडावाटे देण्याच्या लशीतील कमकुवत विषाणू बदलून पुन्हा घातक झालेला) टाइप २ विषाणू सापडला. भारतातील शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. आपली पाळत प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील अचानक लुळेपणाच्या रुग्णांवर आहे. त्यावरच्या वयात डॉक्टरांना पोलिओची शंका आली तरच शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, पाठवले जातात. शंका येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना अधिक जवळचा भाग मात्र दुसरा आहे: लहानपणी पोलिओ झालेल्यांना पुढे येणारा नवा अशक्तपणा. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध मज्जातज्ज्ञ शार्को यांचे सहकारी रेमाँ यांनी कातडी कमावणाऱ्या एका १९ वर्षांच्या तरुणाची नोंद केली: तान्हेपणी पोलिओ झालेला आणि आता खांद्यात नवा अशक्तपणा आलेला. ही नोंद जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिली. १९८० च्या दशकात अमेरिकेतील जुन्या साथींचे रुग्ण अशाच तक्रारी घेऊन येऊ लागले, तेव्हा पोलिओनंतर अनेक वर्षांनी येणाऱ्या या त्रासाला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणून वैद्यकात जागा मिळाली. पहिल्या आजारातून वाचलेल्या चेतापेशी जादा फांद्या फोडून, आपली चेतापेशी गमावलेले अनाथ स्नायूतंतू सांभाळतात आणि पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक वर्षांनी थकतात, असे मानले जाते. विषाणू परत आलेला नसतो, संसर्गाचे भय नसते.

पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू होण्याआधी पोलिओ झालेली माणसे आज तिशी-चाळिशीच्या पुढे आहेत. चांगल्या मानलेल्या पायातही नवी अशक्तता, न उतरणारा थकवा, सांधेदुखी, थंडी न सोसणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा जेवताना ठसका लागणे या तक्रारींना ‘वय झाले’ म्हणून बाजूला सारू नये. यासाठी एकच अशी चाचणी नाही. थायरॉइड, रक्तक्षय, मणक्याचे विकार वगळून आणि जुना इतिहास विचारून निदान होते, म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना लहानपणीच्या आजाराची माहिती, आणि उपलब्ध असतील तर जुने कागद, सोबत न्यावेत.