लेसर अर्ध्या तासाचा, चेहरा सहा महिन्यांचा

दुखणं जरा मोठं झालं की मिरज गाठायची ही आमच्या बेळगाव-चिकोडी-निपाणीकडची सवय तिथं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासूनची. आता त्या यादीत बँकॉक, सेऊल, इस्तंबूल, दुबई अशी नावं यायला लागलीत, आणि ती दुखण्यासाठी नाही तर चेहऱ्यावर मुरुमांनी पडलेले खड्डे लेसरनं भरून घेण्यासाठी. कुणाचा भाऊ दुबईत असतो, कुणाला रील दिसतं, सात दिवसांचं पॅकेज, दोन दिवस क्लिनिक आणि बाकी फिरणं, मग बेळगावच्या सांबरा विमानतळाहून परदेशी विमान सुटत नाही म्हणून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या मोपा विमानतळाला जायचं का मुंबई गाठायची याची चर्चा घरात सुरू होते. लेसर झाल्यावर काय होणार हे मात्र कुणी विचारत नाही.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. खरं हा लेसर कातडीवर नक्की काय करतो ते एकदा कळलं की त्या सात दिवसांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघाल.

यातला जुना दणकट गडी म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तो बनवला सी. कुमार एन. पटेल यांनी, जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. म्हणजे सेऊलला जाऊन जो मारून घ्यायचा त्याचा बाप आपल्याच बाजूचा, हे आपलं उगीच सांगून ठेवतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि तो सगळ्यात जास्त शोषतं ते पाणी. कातडीत पाणीच पाणी असतं, त्यामुळे किरण पडला की तेवढ्या जागचं पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत उकळून वाफ होतं आणि वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर उडून जातो. आजूबाजूला थोडी उष्णता झिरपते, त्यानं कातडीला घट्टपणा देणारे कोलॅजनचे धागे आकसतात, रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात. दुसरा एर्बियम याग, २,९४० नॅनोमीटरचा. त्याला पाणी दहापटीहून जास्त शोषतं, म्हणून तो वरच्यावर सफाईनं खरवडतो, उष्णता कमी सोडतो, पण त्यामुळेच खोल आकसण्याचं काम कार्बन डायऑक्साइडइतकं होत नाही.

पूर्वी हा लेसर सगळ्या चेहऱ्यावर सपाट फिरवायचे. रिझल्ट भारी यायचा, खरं माणूस दोन-दोन आठवडे सोललेला चेहरा घेऊन घरात बसायचा आणि लाली महिनोन्महिने जायची नाही. २००४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मंडळींनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. सगळं न जाळता केसाएवढ्या जाडीची खोल छिद्रं पाडायची आणि मधली कातडी जशीच्या तशी सोडायची. माळाला वणवा लागला तर गवत परत यायला कडेपासून सुरुवात करतं आणि मधे पोचायला वेळ लागतो, तेच ठिकठिकाणी ठिपके जाळले तर चारी बाजूंनी हिरवं सरकत येऊन चार दिवसांत भरून निघतं, तसं काहीसं. त्यामुळे वरचा थर साधारण आठवड्याभरात जुळतो, आणि पॅकेज सात दिवसांचं असतं ते ह्याच हिशोबानं.

पण जुळतो तो फक्त वरचा थर. खालच्या थरात जुनं मोडून नवं कोलॅजन विणायचं काम त्यानंतर कुठं रंगात येतं आणि ते तीन ते सहा महिने चालतं. खड्डा भरतो तो तेव्हा. लेसर जखम करतो एवढंच, बाकीचं काम शरीराचं, आणि ते शरीर तोपर्यंत बेळगावात अनगोळला नाहीतर वडगावला परत आलेलं असतं.

आता खरी अडचण. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी वागते त्यावरून प्रकार पाडायला सुरुवात केली, आज त्याचे एक ते सहा असे नंबर वापरतात. पहिल्या नंबरचा गोरा माणूस उन्हात नुसता भाजतो, सहाव्याची कातडी गडद काळी. आपल्याकडची बहुतेक माणसं चार-पाचमध्ये येतात. गंमत अशी की कार्बन डायऑक्साइड लेसरला रंग दिसतच नाही, त्याला फक्त पाणी कळतं, केस काढायच्या नाहीतर टॅटू घालवायच्या लेसरसारखं त्याचं रंगद्रव्याशी थेट काही नातं नाही. मग सावळ्या कातडीला त्रास का? तर जखम झाली की सूज येते, आणि सुजेचा निरोप मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, बनवणाऱ्या पेशींना पोचला की त्या कामाला लागतात. आपल्या त्या पेशी मुळातच उत्साही. गोऱ्याच्या चेहऱ्यावर जिथं नुसती लाली राहते तिथं आपल्याकडे तपकिरी डाग उठतात, आणि उठतात ते साधारण तीन-चार आठवड्यांनी. म्हणजे विमानतळावर उतरताना चेहरा गुलाबी तुकतुकीत, सगळे विचारणार कुठं केलंस गं, आणि महिन्यानं आरशात बघायला नको वाटतं. हे डाग बहुतेक वेळा जातात, खरं महिने लागतात. तेवढे महिने कुणीतरी डॉक्टर चेहरा प्रत्यक्ष बघत राहायला लागतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून ते काम होत नाही, कारण फोटोत लाली कुठली आणि डाग कुठला हे दिव्याच्या उजेडावर ठरतं.

म्हणून जिथं जाणार तिथं पहिला प्रश्न हाच, माझ्यासारख्या रंगाचे पेशंट तुम्ही नेहमी करता का. उत्तर होय असेल तरी कानामागच्या नाहीतर जबड्याखालच्या छोट्या जागेवर टेस्ट करून महिनाभर थांबायला मिळतंय का बघा. सात दिवसांत ते बसत नाही हे उघडच आहे. सावळ्या कातडीला जाणता डॉक्टर छिद्रांची दाटी कमी ठेवतो आणि दोनच्या जागी चार बैठका घेतो. पॅकेजवाल्याला एकाच बैठकीत दाखवण्यासारखं काहीतरी हवं असतं. माझ्या मते गडबड इथंच आहे, मशीन वाईट नाही, घाई वाईट.

त्यात वांग असेल तर जास्तच जपायचं. उष्णतेनं वांग भडकतो, लेसरनं गेल्यासारखा वाटून पुन्हा दुप्पट येऊ शकतो. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे स्टेरॉइडचं क्रीम. गावोगावच्या मेडिकलमध्ये गोरं व्हायचं म्हणून बेटामेथासोन या स्टेरॉइडचं नाहीतर स्टेरॉइडसकट तीन औषधांच्या मिश्रणाचं क्रीम मागायचं, लावलं की आठ दिवसांत चेहरा उजळतो, बंद केलं की आग होते, म्हणून परत लावायचं. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण घरात ट्यूब अजून सापडते. वर्षानुवर्षं ते लावलेली कातडी पातळ झालेली असते, तिच्यावर लेसर म्हणजे आगीत तेल. परदेशातला डॉक्टर ह्या सवयीबद्दल आपणहून विचारेलच असं नाही, तेव्हा तुम्हीच ट्यूब दाखवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या थांबवल्या असतील तर तेही सांगा. ओठाच्या कडेला वरचेवर पाणीदार फोड येत असतील तर तो नागीणच्या भावकीतला विषाणू लेसरनं जागा होऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतो, त्याला आधीच गोळी चालू करतात. जखम झाली की ज्यांना गाठीसारखा वण उठतो त्यांनी तर आधी इथल्याच डॉक्टरला विचारावं.

विमानाचंही एक. केबिनमधली हवा भयंकर कोरडी, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली, आणि वरचा थर नसलेली कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही. जखम ओली असताना परतीचा प्रवास नकोच. खिडकीची सीट पण नको, काचेतून येणारं ऊनही डाग वाढवतं.

फ्रॅक्शनल मशीन आता बेळगाव, हुबळी, कोल्हापुरातही आहे. त्यामुळे तिकडं करून आलात तरी पुढची देखरेख इथला त्वचारोगाचा डॉक्टर करू शकतो, अट एवढीच की त्याला तिकडं काय केलंय ते कळायला पाहिजे. मशीनचं नाव, एका ठोक्याला किती ऊर्जा म्हणजे किती मिलिज्यूल, किती टक्के भाग छिद्रांनी व्यापला, किती फेऱ्या मारल्या, नंतर कुठली मलमं दिली, हे सगळं सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि कोरियन नाहीतर तुर्की भाषेत नको. तारीख ठरवताना मार्च ते मे हे उन्हाचे महिने टाळा. पुढच्या तीन महिन्यांत घरात लग्न असेल तर तेही बघा, हळदीला तुम्हालाच पुढं बसवणार, आणि भरत आलेल्या चेहऱ्यावर पाच मावश्यांनी हळद फासलेली कुठल्याच डॉक्टरला चालत नाही.