पंधरवड्याची सुई

बरणीचं झाकण फिरत नाही, लायटरचा चाप दाबला जात नाही, ब्लाउजची हुकं लावायला कुणाला तरी हाक मारावी लागते. आमवाताच्या पेशंटची सकाळ अशी असते. बोटं सुटी व्हायलाच तासभर जातो. आणि नेमकं अशाच हातांना डॉक्टर सांगतात, "हे इंजेक्शन आता घरी, स्वतःच घ्यायचं." ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: "याची गोळी नाही का मिळत?"

प्रश्न रास्त आहे. आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा उतारवयात गुडघे झिजतात त्यातला प्रकार नव्हे. इथे शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या अस्तरावरच उलटते. त्या भडक्याला तेल घालणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे टीएनएफ. लंडनमधले मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (हे मूळचे लुधियानाचे) यांनी १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमधल्या काही पेशंटना टीएनएफला पकडून निकामी करणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) दिलं आणि वर्षानुवर्षं सुजलेले सांधे उतरले. तेव्हा ते शिरेतून, सलाइनसारखं चढवावं लागे. टीएनएफलाच अडवणारं, पण कातडीखाली टोचायचं एटानरसेप्ट अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं, तर अडॅलिमुमॅब हे तसंच टोचायचं प्रतिपिंड २००२ च्या अगदी शेवटच्या दिवशी. झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, बाजारात आणली. त्यानंतर आणखीही कंपन्या उतरल्या.

आता गोळीचं. पॅरासिटामॉलच्या रेणूचं वजन १५१. अडॅलिमुमॅबचं सुमारे १ लाख ४८ हजार, म्हणजे जवळजवळ हजारपट. शिवाय ते प्रथिन आहे. गिळलं तर पोट त्याला आमटीतल्या डाळीसारखंच वागवणार, तुकडे करून पचवून टाकणार. आमवातावर टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्याही आहेत, पण त्यांचे रेणू छोटे आहेत आणि त्या पेशीच्या आत शिरून वेगळ्या ठिकाणी काम करतात. प्रतिपिंड हवं असेल तर आज तरी सुईला पर्याय नाही.

सुईतून औषध जातं ते कातडी आणि स्नायू यांच्यामधल्या चरबीच्या थरात. एवढा मोठा रेणू केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज आत घुसू शकत नाही. तो लसीकावाहिन्यांच्या, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी गोळा करून रक्तात सोडणाऱ्या नळ्यांच्या, आडवाटेनं, रमतगमत रक्तात पोचतो. अडॅलिमुमॅबची रक्तातली पातळी शिखर गाठते ती साधारण पाच दिवसांनी. टोचलेल्यापैकी जेमतेम दोन तृतीयांश औषध रक्तापर्यंत पोचतं, आणि एकदा पोचलं की त्यातलं निम्मं संपायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पंधरवड्याला एक सुई. "काल घेतली, आज काहीच फरक नाही" ही तक्रार त्यामुळेच अस्थानी आहे. वेदनाशामक गोळीच्या घड्याळानं हे औषध मोजायचं नसतं.

माझ्या मावशीनं सुईचा दिवस एकादशीला बांधून टाकलाय. कॅलेंडर न बघताही लक्षात राहतो म्हणाली. डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, चालेल. एकादशी कधी चौदाव्या दिवशी येते, कधी पंधराव्या, पण निम्मं औषध संपायलाच दोन आठवडे लागत असतील तर एखाद्या दिवसानं बिघडत नाही. उपासानंही बिघडत नाही, पोटाचा इथे संबंधच नाही.

शिकवण्याचं काम बहुतेक ठिकाणी ओपीडीतली सिस्टर करते. टेबलावर रबराची गादी, हातात औषध नसलेलं सरावाचं पेन, म्हणजे स्प्रिंगनं आपोआप टोचणारं पेनाच्या आकाराचं इंजेक्शन. "काकू, टोपण सरळ ओढायचं, पिरगाळायचं नाही. मांडीवर काटकोनात टेकवायचं. दाबा. खट वाजलं? आता उचलायचं नाही." आणि काकू हमखास उचलतात. कारण खट वाजलं की काम झालं, असं आपल्याला स्विचपासून कुकरपर्यंत सगळ्या वस्तूंनी शिकवलंय. इथे पहिला खटका म्हणजे स्प्रिंग सुटली आणि सुई आत गेली, एवढंच. औषध अजून जायचंय. ते दाटसर असतं आणि केसासारख्या बारीक नळीतून उतरायला त्याला वेळ लागतो. कंपनीप्रमाणे दहा किंवा पंधरा सेकंद मोजायचे आणि खिडकीत रंगीत पट्टी पूर्ण दिसली की मगच पेन उचलायचं. आधी उचललं तर कातडीवर औषध ओघळलेलं दिसतं. अशा वेळी घाबरून लगेच दुसरं पेन टोचायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. कातडीवर टिकलीएवढा थेंब राहिला तर मात्र काळजीचं कारण नाही.

फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास थांबा, ही सूचना सगळ्यात जास्त धुडकावली जाते. थंड द्रव आणखी दाट होतो, हळू उतरतो आणि जास्त झोंबतो. मग घाईघाईत कुणी पेन गरम पाण्याच्या भांड्यात बुडवतं, कुणी उन्हात ठेवतं. प्रतिपिंड हे नेमक्या आकारात घडी घातलेलं प्रथिन आहे आणि उष्णतेनं ती घडी विस्कटते. हलवायचंही नाही, खोकल्याच्या औषधाच्या सवयीनं हात आपोआप हलतो तरी. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर जागा वाळू द्यायची. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की जी आग होते तिचं खापर औषधावर फुटतं.

झोंबण्यात औषधाचाही वाटा आहे, नाही असं नाही. अडॅलिमुमॅबच्या जुन्या मिश्रणात आम्लता सांभाळायला सायट्रेट घालत आणि बऱ्याच पेशंटना तेच झोंबे. पुढे सायट्रेट काढलेली आवृत्ती आली. तीच ४० मिलिग्रॅम मात्रा ०.८ ऐवजी ०.४ मिलिलिटरमध्ये बसवली आणि सुईही बारीक केली. म्हणून एकीची सुई "मुंगी चावल्यासारखी" आणि दुसरीची "मधमाशी चावल्यासारखी" असेल तर दोघी खरंच बोलत असतात. आपल्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघावं आणि खूप झोंबत असेल तर सायट्रेट नसलेलं मिळतं का, हे डॉक्टरांना विचारावं.

जागा दोनच सोप्या: मांडीचा पुढचा भाग आणि पोट, बेंबीपासून दोन इंच सोडून. दंडाला टोचायचं तर दुसऱ्या कुणीतरी. आधीच्या जागेपासून किमान इंचभर सरकायचं, नाहीतर तिथली कातडी निबर होते. टोचल्यावर चोळायचं नाही, कापूस नुसता दाबून धरायचा. जागेवर लाली आणि खाज येते आणि बहुतेकांची काही दिवसांत जाते. अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर मात्र थेट हॉस्पिटल.

पेन घ्यावं की भरलेली सिरिंज? पेनची कल्पना रणांगणावरची. विषारी वायूच्या हल्ल्यात सैनिकाला कपड्यांवरूनच अॅट्रोपिन हा उतारा टोचून घेता यावा म्हणून स्प्रिंगची इंजेक्शनं बनली. त्याच घराण्यातलं, तीव्र अॅलर्जीवरचं एपिपेन अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. पेनमध्ये सुई दिसत नाही, ही तिला भिणाऱ्यांची मोठी सोय. पण काहींना तो अचानक खटकाच नको असतो. सिरिंजमध्ये वेग आपल्या हातात राहतो, पण दट्ट्या दाबायला अंगठा लागतो आणि आमवातात दुखतो तोही. सर्टोलिझुमॅब हे टीएनएफला अडवणारं आणखी एक औषध बनवणाऱ्या यूसीबी कंपनीनं यासाठी चक्क स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या ऑक्सो कंपनीला गाठलं. ऑक्सोचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीच्या हातांना संधिवात होता, त्यांना सोलाणं धरवेना, त्यातून १९९० मध्ये जाड रबरी मुठीचं सोलाणं आलं होतं. तीच अक्कल सिरिंजला लावली: बोटांना रुंद आधार, अंगठ्याला मोठी गादी, टोपणाला ओढायला कडी. माझं मत विचाराल तर दोन्ही हातात धरून बघितल्याशिवाय ठरवू नये. बोटं फारच आखडत असतील तर सकाळची वेळ टाळून दुपारी किंवा संध्याकाळी घ्यावं, त्यानं औषधाला काही फरक पडत नाही.

सुई बघून चक्कर येणारे असतात आणि त्यांना "एवढ्याशा सुईला काय घाबरता" म्हणणारेही असतात. दुसऱ्यांनी गप्प बसावं. इतर कुठल्याही भीतीत रक्तदाब वाढतो. सुई आणि रक्ताच्या भीतीत तो आधी वाढून मग धाडकन पडतो, त्याला मनोबलाचा इलाज नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी त्यावर साधी युक्ती रूढ केली. मांड्या, पोट, दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, चेहरा तापल्यासारखा वाटला की सैल सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. रक्तदाब वर राहतो. दुखरी मूठ आवळायची गरज नाही. ज्या मांडीत टोचायचं ती मात्र टोचताना सैल हवी.

काहींची घरची सुई वेगळीच असते: मेथोट्रेक्सेट. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधनप्रमुख असताना तिथे घडलेलं हे औषध आधी कॅन्सरचं. आमवातासाठी ते बारीक मात्रेत, आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवून कागदावर अक्षरात लिहून ठेवावा, "सोम" असं तुटक नाही. गोळीची मात्रा १५ मिलिग्रॅमच्या वर गेली की आतड्यातून शोषण वाढेनासं होतं, तिथे सुई कामी येते. आपल्याकडे काही डॉक्टर त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरायला सांगतात आणि इथे डोळ्यांत तेल घालावं लागतं. लाल टोपणाच्या सिरिंजवर एक मिलिलिटरचे ४० भाग असतात, केशरी टोपणाच्या सिरिंजवर १००. मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून १५ मिलिग्रॅम घ्यायचे तर पहिलीवर २४ चा आकडा, दुसरीवर ६०. केमिस्टनं टोपणाचा रंग बदलून दिला तर मात्रा कुठल्या कुठे जाईल. कुपीसुद्धा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. म्हणून आपली कुपी आणि आपली सिरिंज घेऊन जावं आणि डॉक्टरांकडूनच रेघ आखून घ्यावी. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या औषधाला हात लावू नये.

अडॅलिमुमॅबसोबत मेथोट्रेक्सेट का देतात, हेही लोक विचारतात. प्रतिपिंड बाहेरचं, त्यामुळे शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवू शकतं आणि चांगलं चाललेलं औषध हळूहळू लागू पडेनासं होतं. मेथोट्रेक्सेट हा विरोध दाबून ठेवतं.

फ्रिज २ ते ८ अंशांत हवा. एकाच दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची जागा धोक्याची, मागची भिंतही. गोठलेलं औषध वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी टाकूनच द्यायचं. दारात ठेवलं तर उघडझाप सोसावी लागते. मधला कप्पा, मूळ खोक्यात, हे बरं. मूळ अडॅलिमुमॅबच्या कागदावर "खोलीच्या तापमानाला १४ दिवस चालेल" अशी सवलत आहे, पण त्यांची खोली २५ अंशांची. मे महिन्यात नागपूरची खोली ती नव्हे. एसटीनं गावी जाताना बर्फाच्या पिशवीवर थेट खोकं ठेवू नये, मध्ये टॉवेल घालावा. वीज गेली तर फ्रिज उघडू नये, बंद दारात गारवा काही तास टिकतो.

ताप, खोकला, पिकलेली जखम, अँटिबायोटिक चालू असेल तर त्या पंधरवड्याची सुई घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. टीएनएफ सूज वाढवतं तसंच क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची भिंतही टिकवून धरतं. ते अडवलं की शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला क्षय उठू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफला अडवणारं, शिरेतून चढवायचं प्रतिपिंड) घेणाऱ्यांमधले असे ७० रुग्ण २००१ मध्ये नोंदले गेले आणि त्यानंतर सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठी मांटू (कातडीवरची) किंवा रक्ताची चाचणी करायची शिस्त बसली. आपल्या देशात ही चाचणी टाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. चाचणी निर्दोष आली तरी आठवड्यांचा खोकला किंवा घटणारं वजन अंगावर काढू नये.

राहता राहिली वापरलेली सुई. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. पिशवीत गुंडाळून टाकलेली सुई कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते. सुईला टोपण परत लावायचं नाही, तिथेच बोट टोचतं. कपड्याच्या लिक्विडची जाड बाटली घ्यावी, वर "सुया" असं लिहावं आणि ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. ओपीडीला जाताना ती घेतात का, हे हॉस्पिटलला किंवा जवळच्या लॅबला आधीच विचारून ठेवावं. बाटली पाऊण भरली की बंद करायची. काठोकाठ भरलेल्या बाटलीत शेवटची सुई कोंबताना आधीची बोटात घुसते.