उंबरठ्याबाहेरची चप्पल: मधुमेही पाय आणि संशोधनातला रुग्ण

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी एक काका राहतात. रोज रात्री जेवणं आटोपली की ते दिवाणावर पाय सोडून बसतात आणि सून मोबाइलचा टॉर्च लावून तळवे, टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्या बघते. दोन वर्षांपूर्वी खजराना गणपतीला ते भर उन्हात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. टाचेला आलेला फोड त्यांना कळलाच नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर डाग दिसला तो सुनेला. मधुमेहात नसा बधिर होतात, पायाला रक्त कमी पोचतं आणि साधी भोवरीसुद्धा चिघळते, हे दवाखान्यात सगळे सांगतात. सुनेला काय दिसतं, हे विचारायला मात्र संशोधनाला बराच वेळ लागला.

बधिर पायाचं शास्त्र मोठ्या प्रमाणात आपल्याच देशात घडलं, तेही कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. ब्रिटिश शल्यविशारद पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरोगानं बोटं झडतात अशी सर्रास समजूत होती. रात्रीतून बोटांना जखमा कशा होतात म्हणून पहारा ठेवला, तर उंदीर कुरतडताना सापडला. झोपलेल्याला पत्ताच नाही! बोटं जातात ती दुखणं कळत नाही म्हणून, हे ब्रँडनी ओळखलं. 1966 मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हाच विचार मधुमेही पायापर्यंत पोचला. जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर, मऊ तळाची पादत्राणं, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा, बधिरपणा तपासायचा नायलॉनचा तंतू, हे सगळं त्याच वाटेनं रुळलं.

रुग्ण चर्चेच्या टेबलाशी आले ते 1989 मध्ये, इटलीतल्या सेंट व्हिन्सेंटला. युरोपातली सरकारं, डॉक्टर आणि रुग्णसंघटना एकत्र बसल्या आणि मधुमेहामुळे पाय कापावे लागण्याचं प्रमाण पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरलं. पुढे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमात डॉक्टर आणि नर्स अशा जोड्या पायाच्या काळजीत तयार झाल्या. काम मोलाचं, पण शिकवणारे एकीकडे आणि शिकणारा रुग्ण दुसरीकडे, ही मांडणी तशीच राहिली. संशोधन नेमकं कशावर करायचं हे रुग्ण, घरची माणसं आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावं, यासाठी इंग्लंडमध्ये 2004 मध्ये जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली.

आमच्या गावात रुग्ण संशोधनाच्या गोष्टीत शिरला तो कोर्टाच्या दारातून. औषध-चाचण्यांत रुग्णांना नीट न सांगताच घेतल्याच्या तक्रारी इंदुरात गाजल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2013 मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि संमती घेतानाचं चित्रीकरण सक्तीचं झालं. पुढे ही सक्ती काही चाचण्यांपुरतीच उरली. त्यामुळे 'तुम्हाला अभ्यासात घेतो' म्हटलं की इथला म्हातारा माणूस आधी मुलाकडे बघतो. मला त्यात गैर काही वाटत नाही. पण सही कुठे करायची हे विचारणं वेगळं आणि प्रश्न कोणता घ्यायचा हे विचारणं वेगळं.

2013 मध्येच नेदरलँड्समध्ये पायाला जखम होऊन गेलेल्या मधुमेहींसाठी बनवलेल्या खास बुटांत तापमान टिपणारं छोटं यंत्र बसवून पाहिलं. बाहेर चालताना 87 टक्के पावलं त्या खास बुटांतून पडत होती, घरात 61 टक्केच. आता जिथं चपला उंबरठ्याबाहेरच काढतात, तिथं काय होत असेल ते कोणतीही सून यंत्राशिवाय सांगेल. शेजारच्या वहिनींनी, म्हणजे त्याच सुनेनं, काकांना घरात घालायला वेगळा मऊ जोड आणलाय. तो दिवसभर पायात असतो. देवघरापाशी आणि स्वयंपाकघराच्या दाराशी निघतो. ''तिथं काय घालायचं, हे डॉक्टरांना विचाराल का?'' असं त्या मला म्हणाल्या.