१९६३चं रॉकेट आणि १९८०चं रॉकेट

भारताचं पहिलं रॉकेट कधी उडालं? कोल्हापुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना विचारा. कुणी २१ नोव्हेंबर १९६३ म्हणेल, कुणी १८ जुलै १९८०. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण त्या दिवशी उडालेल्या यंत्रांची जातच वेगळी. पहिलं साउंडिंग रॉकेट, दुसरं उपग्रह प्रक्षेपक.

१९६३ साली केरळमधल्या थुंब्याहून उडालेलं नाइकी-अपाची हे रॉकेट अमेरिकी बनावटीचं होतं. त्याने वर जाऊन सोडियमची वाफ सोडली आणि तिच्या सरकण्यावरून उंचावरचे वारे मोजता आले. साउंडिंग रॉकेटचं काम एवढंच: वर जायचं, मोजायचं, काही मिनिटांत खाली पडायचं.

मग प्रक्षेपक म्हणजे जास्त उंच जाणारं रॉकेट का? नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. अवकाशाची सीमा मानली जाते ती १०० किलोमीटरवर. कोल्हापूरहून बेळगावला जायला साधारण तेवढंच अंतर पडतं. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर तिथवर पोचायला सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटर वेग पुरतो. पण तिथे नुसतं पोचलेलं काहीही परत खाली येतं. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर जमिनीला समांतर, सेकंदाला जवळपास ७.८ किलोमीटर वेग हवा. या वेगाने कोल्हापूरहून पुणं अर्ध्या मिनिटात येईल! वेग साडेपाच पट, म्हणजे त्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे तीस पट.

म्हणून एसएलव्ही-३ला, म्हणजे १९८०च्या त्या प्रक्षेपकाला, घन इंधनाचे चार टप्पे लागले. जळून रिकामा झालेला टप्पा टाकून द्यायचा, पुढचा पेटवायचा आणि वाटेत आडवं वळत जायचं. लहान साउंडिंग रॉकेटला पंख आणि स्वतःभोवतीचं फिरणं सरळ ठेवतं. प्रक्षेपकाला मात्र क्षणोक्षणी दिशा सांभाळावी लागते. १० ऑगस्ट १९७९चं पहिलं उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात पडलं. पुढच्या वर्षी श्रीहरिकोट्याहून रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. सतरा टनांचं यान, उपग्रह फक्त ३५ किलोचा! थुंब्यापासून इथवरची सतरा वर्षं आडव्या वेगाने घेतली. जगातही तसंच झालं: जर्मनीचं व्ही-२ हे क्षेपणास्त्र १९४४ मध्येच १०० किलोमीटरच्या वर गेलं होतं, पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक मात्र १९५७ साली फिरू लागला.

तरीही साउंडिंग रॉकेट म्हणजे प्रक्षेपकाची कच्ची आवृत्ती, हे मला अजिबात पटत नाही. साधारण ५० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. तिथली हवा प्रत्यक्ष आत शिरून तपासायची तर हेच रॉकेट लागतं. या पट्ट्याच्या वरच्या भागातले वारे कोल्हापुरातूनही मोजले गेले आहेत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने, जमिनीवरून रेडिओलहरी पाठवून. आपल्या गावाचं हे काम गावातच फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये खासगी कंपनीचं विक्रम-एस ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं, तेव्हाही अनेकांना वाटलं की उपग्रह सोडला. ते उड्डाण वर जाऊन समुद्रात पडण्याचंच होतं. त्याच महिन्यात थुंब्याहून आरएच-२०० या साउंडिंग रॉकेटचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं.