अक्षरांची उंची ओळखणं (चार रेघी वही)

लहान मुलाला स्मॉल एबीसीडी लिहायला बसवायच्या आधी कुठलं अक्षर किती जागा घेतं हे नजरेला कळावं म्हणून जे शिकवतात ते म्हणजे अक्षरांची उंची ओळखणं. आपल्याकडे हे चार रेघी वहीवर चालतं, बहुतेक वह्यांत वर-खाली लाल रेघ आणि मधे दोन निळ्या, म्हणजे तीन घरं. ए, सी, एम, ओ सारखी 14 अक्षरं मधल्या घरातच मावतात, बी, डी, एफ, एच, के, एल, टी ही 7 वरच्या घरात चढतात आणि जी, जे, पी, क्यू, वाय ही 5 खाली शेपूट सोडतात (कर्सिव्हमधला एफ मात्र तिन्ही घरं घेतो).

उंची चुकली की अक्षर नुसतं वाईट दिसत नाही, अक्षरच बदलतं. एनची दांडी वर गेली की झाला एच. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांचा तर कॅपिटल आणि स्मॉलचा आकार एकच, फरक काय तो उंचीचाच.

मराठी मुलांची अडचण जरा वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, दुरेघी वहीत मुलाची नजर वरच्या रेघेवर असते, आणि इंग्रजी अक्षर बसतं खालच्या निळ्या रेघेवर. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे या दोन्ही सवयी एकाच वेळी लावाव्या लागतात. मग पी, जी, वाय वर ओढून मधल्या घरात कोंबलेले दिसतात, मूल आळशी असतं म्हणून नाही, त्याला खालच्या निळ्या रेघेची ओळखच कुणी करून दिलेली नसते!

पेन्सिल हातात द्यायच्या आधी खेळ घ्यावा: बी म्हटलं की हात वर, ए म्हटलं की हात कमरेवर, जी म्हटलं की खाली बसायचं. मग मधलं घर हायलायटरने रंगवून द्यावं. शब्द घ्यायचा तर 'डॉग' घ्या, डी उंच, ओ बुटका, जी खाली, तिन्ही प्रकार एकाच शब्दात, आणि त्याच्याभोवती पेन्सिलने चौकट काढली की मुलाला चढउतार लगेच दिसतो. ए ते झेड ओळीने पानंच्या पानं गिरवून घेण्यापेक्षा एका उंचीची अक्षरं एकत्र घेतलेली कधीही बरी, आणि सुरुवातीला घरं रुंद हवीत, अरुंद रेघांच्या वहीत पाच वर्षांच्या बोटांना एवढं बारीक वळण झेपत नाही.